चालू बाजारांत नवें दुकान
(वेब ॲप्लिकेशनाच्या जोडभागांची बांधणी : एक अभ्यासलेख)

आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांत दुधाळा नांवाचें गांव आहे. आजवर या तालुक्याचें नांव निघालें म्हणजे नागनाथाचें प्राचीन देवालय आठवे. यापुढें त्याच्या जोडीस आणखी एक वास्तु आठवेल. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा दुधाळ्याच्या परिसरांत उभारण्याचें ठरलें आहे. केंद्र सरकारनें २०१६ सालीं या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली, २०२३ च्या एप्रिल महिन्यांत सुमारें २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला, आणि त्याच वर्षीं मे महिन्याच्या ११ तारखेस तिची कोनशिला बसविली गेली. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था या कार्यांतील एक भागीदार आहे. अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांप्रमाणें हिलाहि काटकोनांत असलेल्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा असावयाच्या आहेत.

अशा वेधशाळेनें टिपलेली लहर डोळ्यांस दिसत नाहीं. ती आंकड्यांच्या रूपानें हातीं येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन वेधशाळांनीं जी पहिली लहर पकडली, ती पृथ्वीवर एका सेकंदाच्या सुमारें पंचमांशाइतकाच वेळ जाणवली; परंतु यंत्र दर सेकंदास १६,३८४ नोंदी करीत असल्यामुळें तेवढ्या अवधींतहि हजारों आंकडे जमा झाले. हे आंकडे पुढें सर्वांसाठीं खुले करण्यांत आले, व ते कसे वाचावे याचे पाठहि संगणकीय वह्यांच्या रूपानें प्रसिद्ध झाले. हिंगोलीच्या विद्यार्थ्यास ते पाठ उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. अशा वह्या ज्यांत उघडतात त्या वेब ॲप्लिकेशनांपैकीं ‘ज्युपिटरलॅब’ हें एक प्रमुख होय. ज्युलिया, पायथन व आर या तीन संगणकीय भाषांच्या नांवांवरून ‘ज्युपिटर’ हें नांव तयार झालें.

प्रस्तुत लेखांत आम्हांस लहरींविषयीं लिहावयाचें नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें असें, कीं अशा मोठ्या, चालू ॲप्लिकेशनास दूरच्या एखाद्या माणसानें नवा भाग जोडावयाचा असेल, तर तो भाग कसा बांधावा लागतो. विषय थोडा तांत्रिक आहे. पण आठवड्याचा बाजार पाहिलेल्या कोणाहि मुलास तो समजण्यास अडचण पडूं नये.

१. दर्शनी भाग व जोडभाग

वेब ॲप्लिकेशनाचे स्थूलमानानें दोन भाग असतात. एक भाग सर्व्हरवर राहून मागील बाजूचें काम करितो. दुसरा ब्राउझरमध्यें उघडतो. पानें, बटणें, आलेख, जें जें आपण पाहतों व दाबतों, तें सर्व या दुसऱ्या भागांत येतें. यास आपण दर्शनी भाग म्हणूं. तो मुख्यतः जावास्क्रिप्ट भाषेंत असतो. लेखक तो शेंकडों लहान फाइलींत लिहितात. ब्राउझरला सोयीचें पडावें म्हणून त्या फाइली एकत्र करून थोड्या गठड्या बांधतात. या कामास ‘बांधणी’ असें म्हणूं. ‘वेबपॅक’ हें अशी बांधणी करणारें एक प्रसिद्ध साधन आहे.

मूळ ॲप्लिकेशनांत नसलेली सोय जो देतो तो जोडभाग, ज्यास प्लगइन म्हणतात. एक उदाहरण घेऊं. २०१५ च्या त्या लहरीची कंपनसंख्या सेकंदास ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली होती. हा पल्ला मनुष्याच्या कानास ऐकूं येणाऱ्या ध्वनीचाच आहे. म्हणून त्या आंकड्यांचा ध्वनि केल्यास पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा एक चढता स्वर ऐकूं येतो. समजा, आमच्या एखाद्या विद्यार्थिनीनें वहींत असें एक बटण बसवावयाचें ठरविलें, कीं तें दाबतांच लहर ऐकूं यावी. हा तिचा जोडभाग. तो ज्युपिटरलॅबमध्यें शिरणार कसा?

लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं ज्युपिटरलॅब स्वतःच जोडभागांचें बनलेलें आहे. फाइलींची यादी दाखविणारा एक भाग, वही उघडणारा दुसरा, आज्ञा देण्याची खिडकी तिसरा. मधोमध फक्त या सर्वांस एकत्र ठेवणारा सांगाडा. बाजारहि असाच असतो. बाजार म्हणून निराळी वस्तु दाखवितां येत नाहीं. दुकानें, वाटा, पाणवठा, मापें आणि ठरलेला वार, यांसच बाजार म्हणतात. म्हणून नव्या दुकानदारास जुन्यांच्याच नियमानें जागा मिळूं शकते.

२. जुनी रीत

ज्युपिटरलॅबची पहिली पूर्ण आवृत्ति २०१९ सालीं निघाली. त्या काळीं जोडभाग कच्च्या स्वरूपांत येत असे. तो घेणाऱ्यास आपल्या संगणकावर नोड नांवाचें दुसरें साधन बसवावें लागे आणि मग, एकच बटण वाढवावयाचें असलें तरी, ॲप्लिकेशनाच्या संपूर्ण दर्शनी भागाची बांधणी पुन्हां करावी लागे. एक नवा बागवान आला म्हणून सगळा बाजार उठवावा, सर्वांचीं पालें सोडवावीं आणि पुन्हां पहिल्यापासून रांग मांडावी, तसाच हा प्रकार होता.

यांत तीन हानि होत्या. वेळ जाई, कमी स्मृतीच्या संगणकावर बांधणी अर्ध्यांतच थांबे, आणि एका जोडभागांतील दोषामुळें साऱ्यांचीच बांधणी बिघडे. ज्याच्याजवळ मोठा संगणक व वेगवान जोडणी आहे त्यास हें सोसे. खेड्यांतील शाळेच्या जुन्या संगणकास तें सोसणारें नव्हतें. म्हणजे नव्या सोयी लिहिणारे लोक वाढत होते, परंतु त्या घेण्याची किंमत लहान शाळेच्या आवांक्याबाहेर राहत होती. हा केवळ सोयीगैरसोयीचा प्रश्न नव्हे. ज्ञानाच्या घरांत कोणास प्रवेश मिळावा याचा तो प्रश्न होय.

३. नवी रीत

ऑक्टोबर २०२० मध्यें वेबपॅकची पांचवी आवृत्ति निघाली. तींत ‘मॉड्यूल फेडरेशन’ नांवाची योजना होती. फेडरेशन म्हणजे संघ. संघांतील प्रत्येक घटक आपापल्या कारभारांत स्वतंत्र असतो; परंतु नाण्यासारख्या कांहीं गोष्टी सर्वांच्या मिळून एकच असतात. त्याचप्रमाणें निरनिराळ्या लोकांनीं, निरनिराळ्या वेळीं, एकमेकांस न भेटतां बांधलेल्या गठड्या ब्राउझरमध्यें एकत्र नांदाव्या, अशी ही व्यवस्था आहे. २०२० च्या अखेरीस आलेल्या ज्युपिटरलॅबच्या तिसऱ्या आवृत्तीनें तिचा अंगीकार केला.

आतां बांधणी करावयाची ती जोडभागाच्या कर्त्यानें, आपल्या घरीं, एकदांच. घेणाऱ्यानें तयार गठडी आणून नेमल्या फोल्डरांत ठेवावी, एवढेंच काम उरलें. त्याला नोड नको व पुनर्बांधणीहि नको. ही गठडी पायथनच्या नेहमींच्या पॅकेजांतूनच येते. म्हणून पायथनचें कोणतेंहि साधन ज्या आज्ञेनें बसवितात, त्याच आज्ञेनें तीहि बसते. पान नव्यानें उघडलें कीं ॲप्लिकेशन तिला पाहतें व आंत घेतें. आगाऊ न शिवतां, चालतेवेळीं आंत घेण्याच्या या क्रियेस ‘गतिमान भरणी’ म्हणतां येईल.

४. गठडींत काय असावें

चार वस्तु अवश्य आहेत.

पहिली वस्तु बीजक. व्यापाऱ्याच्या मालाबरोबर बीजक असतें, तसें गठडीबरोबर एक लहान फाइल असते. तींत जोडभागाचें नांव, त्याची आवृत्ति, तो ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांचीं नांवें, आणि आंत शिरण्याचें दार कोणत्या फाइलींत आहे, हें लिहिलेलें असतें. ॲप्लिकेशन प्रथम बीजक वाचतें. माल मागाहून उघडतें.

दुसरी वस्तु दार. ही एक छोटी जावास्क्रिप्ट फाइल असते. तींत सगळा माल भरलेला नसतो. कोणता माल कोणत्या फाइलींत आहे एवढें तिला ठाऊक असतें. मुद्दाम तिला लहान ठेवितात, कारण पान उघडतांना ती सर्वांआधीं आणावी लागते.

तिसरी वस्तु प्रत्यक्ष माल. तो अनेक तुकड्यांत विभागलेला असतो व गरजेप्रमाणें मागविला जातो. या फाइलींच्या नांवांत, आंतील मजकुरावरून काढलेली अक्षरांची एक खूण घालतात. मजकूर बदलला कीं खूण बदलते व नांवहि बदलतें. त्यामुळें ब्राउझर जुनी साठविलेली फाइल नवी समजून वापरूं शकत नाहीं. दुकानदारानें डब्यावर नवी चिठ्ठी लावली म्हणजे गिऱ्हाइकास शिळा माल जात नाहीं, तसेंच हें.

चौथी वस्तु सामायिक मालाची यादी. संपूर्ण विषयांत महत्त्वाची अशी हीच गोष्ट आहे. म्हणून तिला निराळें कलम देतों.

५. एकच पायली

१९५६ सालच्या कायद्यानें दशमान वजनें-मापें देशभर आणण्यास आरंभ होण्यापूर्वीं शेर, मण, पायली यांचें प्रमाण प्रांतोप्रांतीं निराळें असे. एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशीं जुळेलच असा नेम नव्हता. आतां कल्पना करा, कीं एकाच बाजारांत प्रत्येक दुकानदार आपापल्या घरची पायली घेऊन आला आहे. माल चांगला, माणसें प्रामाणिक. तरी हिशेब जुळणार नाहीं.

जोडभागांचेंहि असेंच होतें. प्रत्येकास कांहीं सामायिक साधनें लागतात : पडद्यावर बटणें उमटविणारें साधन, वह्या उघडणारी सेवा, आज्ञांची नोंदवही. प्रत्येक जोडभागानें या साधनांची स्वतःची प्रत बांधून आणली, तर दोन अनर्थ होतात. एक, तोच माल दहा वेळां उतरवावा लागून पान उघडण्यास विलंब होतो. दुसरा अनर्थ मोठा आहे. ज्युपिटरलॅबमध्यें एक भाग दुसऱ्याची सेवा मागतो ती ‘टोकन’ म्हणजे बिल्ला दाखवून. आमच्या विद्यार्थिनीच्या बटणास चालू वहीचा पत्ता हवा आहे. म्हणून तें वह्यांच्या सेवेचा बिल्ला पुढें करितें. संगणक हा बिल्ला ओळखतो तो त्याच्या रूपावरून नव्हे, तर ती हीच वस्तु आहे कीं नाहीं यावरून. जोडभागानें दुसऱ्या साच्यांतून काढलेला हुबेहुब बिल्ला आणला, तर अक्षरें तींच असूनहि तो परका ठरतो, आणि सेवा मिळत नाहीं.

यासाठीं कर्त्यास यादींत दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात. हें साधन मी बांधून आणलेलें नाहीं, बाजारांतलें घेईन, ही एक. आणि साऱ्या बाजारांत याची प्रत एकच असावी, ही दुसरी. मूळ ॲप्लिकेशनाच्या बहुतेक साधनांविषयीं ही तजवीज बांधणीचें साधन आपोआप करितें. परंतु एका तिऱ्हाइताचा जोडभाग दुसऱ्या तिऱ्हाइताची सेवा घेऊं लागला, कीं ही नोंद कर्त्यानें स्वतः करावी लागते. ती राहिली तर दोष शोधणें अवघड जातें, कारण बाहेरून पाहतां कोठेंहि चूक दिसत नाहीं.

६. आवृत्तीचा मेळ

सामायिक साधन घ्यावयाचें, तर तें कोणत्या आवृत्तीचें चालेल हेंहि सांगितलें पाहिजे. आवृत्ति बहुधा तीन आंकड्यांनीं लिहितात. शेवटचा आंकडा वाढला तर दोषदुरुस्ती झाली. मधला वाढला तर जुनें कायम ठेवून नवें आलें. पहिला वाढला तर जुना करार मोडला असण्याचा संभव आहे, असा संकेत आहे. म्हणून बीजकांत एकच आवृत्ति न लिहितां, ‘चौथ्या मालिकेंतील कोणतीहि चालेल’ अशी मर्यादा लिहितात.

या संकेताचें मोल २०२३ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं ज्युपिटरलॅबची चौथी आवृत्ति निघाली व पहिला आंकडा बदलला. तेव्हां तिसऱ्या आवृत्तीसाठीं बांधलेल्या पुष्कळ जोडभागांच्या कर्त्यांस आपापल्या गठड्या सुधारून पुन्हां प्रसिद्ध कराव्या लागल्या. ज्यांनीं त्या केल्या त्यांचें काम पुढें चाललें. जोडभाग एकदां लिहून संपत नाहीं. बाजारांत दुकान मांडलें म्हणजे पुढील आठवड्यासहि यावें लागतें.

७. पान उघडतांना काय घडतें

आतां सर्व क्रम एकत्र पाहूं. विद्यार्थिनी ब्राउझरमध्यें ज्युपिटरलॅब उघडते. सर्व्हर नेमल्या फोल्डरांत पाहून कोणकोणत्या गठड्या आहेत याची यादी पानाबरोबर धाडतो. ब्राउझर प्रत्येक गठडीचें छोटें दार आणतो. मग सामायिक साधनांचें एक कोठार सिद्ध होतें : कोणाजवळ काय आहे, कोणत्या आवृत्तीचें आहे, याची तेथें नोंद होते, व ज्याला जें लागेल तें त्या कोठारांतून मिळतें. त्यानंतर प्रत्येक जोडभाग आपली ओळख सांगतो : माझें नांव हें, मला अमक्या सेवा हव्यात, अमक्या असल्या तर बऱ्या, आणि मी स्वतः अमकी सेवा देईन. या सांगण्यावरून ॲप्लिकेशन क्रम लावितें. जो देणारा तो आधीं उठतो. जो घेणारा तो मागाहून. शेवटीं बटण वहीच्या माथ्यावर दिसूं लागतें.

यांत एखादी गठडी सदोष निघाली, तर तिची तक्रार नोंदवून ॲप्लिकेशन बाकीच्यांस घेऊन पुढें जातें. एका दुकानदाराचें पाल कोसळलें म्हणून बाजार उठत नाहीं.

८. दक्षता

या सोयीबरोबर एक धोका येतो, तो झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. बाजारांतला व्यापारी दारापाशीं थांबतो. जोडभाग थेट घरांत येतो. वापरणाऱ्यास जे अधिकार असतात, बहुतेक तेच त्यास मिळतात. त्याला फाइली वाचतां येतात, पुसतां येतात, बाहेर धाडतांहि येतात. म्हणून गठडी कोणी बांधली, तिचा मूळ मजकूर वाचावयास खुला आहे काय, तिची देखभाल चालू आहे काय, हें पाहिल्यावांचून ती बसवूं नये. शाळेंत किंवा संस्थेंत कोणत्या गठड्यांस मुभा आहे याची यादी चालकांनीं ठरवून द्यावी; तशी व्यवस्था ज्युपिटरलॅबमध्यें आहे. नको असलेला जोडभाग काढून न टाकतां तात्पुरता बंद ठेवतां येतो, हेंहि विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

९. उपसंहार

दुधाळ्याची वेधशाळा काम करूं लागेल तेव्हां आज आमच्या वर्गांत बसणारीं मुलें मोठीं झालेलीं असतील. त्यांतील थोडीं शास्त्रज्ञ होतील. पुष्कळ होणार नाहींत. परंतु आपल्या तालुक्यांतील यंत्रानें टिपलेले आंकडे वाचण्याची, त्यांचा आलेख काढण्याची, त्यांचा ध्वनि ऐकण्याची सोय आपल्या हातानें करणें, हें शास्त्रज्ञ न झालेल्यासहि शक्य आहे. ॲप्लिकेशनाच्या पाट्या व सूचना दुसऱ्या भाषेंत दाखविणारीं भाषांतरेंहि अशाच स्वतंत्र पॅकेजांतून येतात. जो मराठी चांगली लिहितो त्यासहि येथें काम आहे. मोठ्या शहरांत बसून साऱ्या घराची पुनर्बांधणी करणाऱ्यासच कांहीं जोडतां येतें, असें आतां राहिलेलें नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंती, कीं मूल संगणकापुढें बसलें म्हणजे तें केवळ पाहतें आहे कीं कांहीं बांधतें आहे, हें त्यांनीं विचारावें. बांधणाऱ्यास उत्तेजन द्यावें. त्याला मोठें यंत्र लागत नाहीं. शिस्त मात्र लागते. आपला तेवढाच माल आणावा. सामायिक आहे तें आपलें म्हणून बांधूं नये. काय हवें व काय देऊं हें आरंभींच उघड सांगावें. आणि ठरलेल्या दारानेंच आंत यावें. हे नियम पाळले म्हणजे ज्यांस आपण कधीं पाहिलें नाहीं अशा माणसांच्या कामाशीं आपलें काम जुळतें, आणि त्यासाठीं कोणाचेंहि पाल सोडावें लागत नाहीं.

अभ्यासार्थ प्रश्न

१. जुन्या रीतीनें जोडभाग बसवितांना कोणत्या तीन हानि होत असत?
२. बीजक व दार या दोन फाइलींच्या कामांतील भेद सांगा.
३. दोन हुबेहुब बिल्ले संगणक एकच कां मानीत नाहीं? आपल्या शब्दांत लिहा.
४. फाइलीच्या नांवांत मजकुराची खूण घातल्यानें काय साधतें?
५. आपल्या शाळेस उपयोगी पडेल असा एक जोडभाग कल्पून, त्यास कोणत्या सेवा लागतील व तो स्वतः कोणती सेवा देईल, यांची यादी करा.